कॉम्प्युटरचा कारभारी



आपल्या महाबळेश्वर तालुक्यात पूर्वी कॉम्प्युटर पाहायचा म्हणजे बँकेत, नाहीतर तहसील कचेरीत जावे लागे. आता तो घरात आला आहे. भिलार-गुरेघरकडचा स्ट्रॉबेरीवाला शेतकरी रोपांचा, मजुरीचा आणि पेट्यांचा हिशेब त्यावर ठेवतो. ज्याने घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत, तो कोण कधी येणार, कुणी किती आगाऊ दिले, हे त्यावर टिपून ठेवतो. तापोळ्याकडच्या कितीतरी घरांतली मुले मुंबईला नोकरीला आहेत. त्यांनी तिकडे नवा कॉम्प्युटर घेतला की जुना गावी येतो. मग नातवंडे त्यावर अभ्यास करतात, आजोबा लग्नाचे फोटो पाहतात, सून विजेचे बिल भरते.

आता समजा, अशा एका घरात सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर भलतीच पाटी आली. "तुमचे सगळे कागद आम्ही कुलपात घातले आहेत. किल्ली पाहिजे असेल तर पैसे टाका." वर्षाचा हिशेब गेला. फोटो गेले. पाहुण्यांची यादी गेली. पोलिसात गेले तरी कुलूप उघडेलच असे नाही. ही गोष्ट कल्पनेतली नाही. देशोदेशी घडलेली आहे आणि आजही घडते.

म्हणून लोक विचारतात, "गुरुजी, विंडोज बरी का लिनक्स बरे? कशात व्हायरस येत नाही तेवढं सांगा." प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते नीट समजून घेऊ या.

कारभारी म्हणजे कोण?

कॉम्प्युटर हे नुसते यंत्र आहे. त्याला आपले आपण काही कळत नाही. त्याला काय करायचे ते सांगणाऱ्या आज्ञांच्या यादीला प्रोग्राम म्हणतात. पत्र लिहायचा एक प्रोग्राम. हिशेबाचा दुसरा. इंटरनेट पाहायचा तिसरा.

एखादा मोठा वाडा डोळ्यांपुढे आणा. वाड्यात पुष्कळ नोकर आहेत. कुणी दळतो, कुणी पाणी भरतो, कुणी हिशेब लिहितो. धान्याची कोठी आहे, दागिन्यांची पेटी आहे. नोकराला कोठीतले काही पाहिजे झाले तर तो थेट आत जात नाही. कारभाऱ्याला विचारतो. किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असतात. कुणाला आत सोडायचे, कुणाला दारातूनच परत पाठवायचे, हे तो ठरवतो.

कॉम्प्युटरमध्येही असा एक मुख्य प्रोग्राम असतो. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याला विचारून काम करतात. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणू.

असे कारभारी जगात थोडेच आहेत. विंडोज ही अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीची. ती १९८५ साली प्रथम निघाली. आपल्याकडे बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवर तीच दिसते. ॲपल कंपनीच्या कॉम्प्युटरला मॅक म्हणतात. त्याचा कारभारी त्याच कंपनीचा, आणि तो मॅकवरच चालतो. तिसरे लिनक्स. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा पाया घातला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ते फुकट मिळते, आणि त्याच्या आज्ञा कुणालाही वाचून पाहता येतात. त्याचे उबुंटू, मिंट असे पुष्कळ प्रकार आहेत. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेनेही लिनक्सच्या पायावर 'बॉस' नावाचा कारभारी तयार केला आहे. या संस्थेचे मुख्य ठिकाण पुण्याला आहे. 'बॉस'मध्ये मराठीतून काम करता येते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा पायासुद्धा लिनक्सचाच आहे.

चोर कोणत्या वेषात येतो?

लोक ज्याला सरसकट व्हायरस म्हणतात, तो एक उपद्रवी प्रोग्राम असतो. जाणते लोक त्याला मालवेअर म्हणतात. तो नोकराच्या वेषात वाड्यात शिरतो आणि चोराचे काम करतो.

त्याच्या तऱ्हा अनेक. एक जण आपल्या कागदांना कुलूप लावून खंडणी मागतो. दुसरा गुपचूप बसून आपण टाइप केलेले बँकेचे परवलीचे शब्द टिपतो आणि चोराला कळवतो. तिसरा आपल्या कॉम्प्युटरला वेठीला धरतो. म्हणजे वीज आपली, यंत्र आपले, आणि त्याच्याकडून दुसऱ्यावर हल्ले करवतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

तो येतो कुठून? बहुधा चार वाटांनी.

पहिली वाट पेनड्राइव्हची. झेरॉक्सच्या दुकानात छपाईला पेनड्राइव्ह दिला. तिथल्या कॉम्प्युटरला रोग होता. तो पेनड्राइव्हवर बसून घरी आला.

दुसरी वाट टपालाची. इंटरनेटच्या टपालातून, नाहीतर व्हॉट्सॲपवर "तुमचे बिल", "लग्नाची पत्रिका" असे काहीतरी येते. उघडले की चोर आत.

तिसरी वाट फुकटाची. फुकट सिनेमा, फुकट खेळ, पैसे न देता मिळवलेला महागडा प्रोग्राम. त्याच्या पोटात चोर बसलेला असतो.

चौथी वाट भिंतीतल्या फटीची. कारभारी म्हणजे कोट्यवधी ओळींच्या आज्ञा. माणसांनीच लिहिलेल्या. त्यांत कुठे ना कुठे चूक राहतेच. ती चूक म्हणजे भिंतीतली फट. या वाटेने येणाऱ्या चोराला तुम्ही दार उघडण्याचीही गरज लागत नाही.

रहिमतपूरचे काटकर बंधू

या चोरांशी झुंज देणारी एक मोठी कंपनी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसांनी उभी केली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रहिमतपूरच्या काटकर घराण्यातले कैलास काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्याला ते आकडेमोडीची यंत्रे, म्हणजे कॅल्क्युलेटर, दुरुस्त करण्याच्या कामाला लागले. हात बसला तसे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे बँकांत आणि कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले. ते शिकून त्यांनी तीही दुरुस्ती सुरू केली. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचे शिक्षण घेत होते. दुरुस्तीला येणारे कितीतरी कॉम्प्युटर मोडलेले नसतच. त्यांना व्हायरस झालेला असे. तेव्हा संजय यांनी तो काढणारा प्रोग्राम लिहिला. १९९५ च्या सुमारास तो 'क्विक हील' या नावाने विकायला ठेवला. २००७ साली कंपनीलाच ते नाव दिले. २०१६ साली कंपनीचे शेअर बाजारात आले.

अशा प्रोग्रामला अँटिव्हायरस म्हणतात. तो वाड्याच्या दारावरचा पहारेकरी. त्याच्यापाशी माहीत असलेल्या चोरांच्या खुणांची वही असते. आल्या-गेल्याचा चेहरा तो वहीशी ताडून पाहतो. संशयास्पद वागणाऱ्यालाही हटकतो.

पहारेकरी हवाच. पण कारभारीच ढिला असेल आणि भिंतीला फटी असतील, तर एकटा पहारेकरी काय करील? म्हणून मूळ प्रश्न कारभाऱ्याचाच.

चोर विंडोजच्याच दारी का जातो?

घरगुती कॉम्प्युटरवर सापडणारे उपद्रवी प्रोग्राम पाहिले, तर त्यांतले बहुतेक विंडोजसाठी लिहिलेले असतात. याची तीन कारणे.

पहिले कारण संख्येचे. जगातल्या बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवर विंडोज आहे. गावातल्या शंभरातल्या सत्तर घरांना एकाच जातीचे कुलूप असेल, तर चोर कोणत्या कुलपाची किल्ली बनवील? सत्तर घरांची. लिनक्स वापरणारी घरे थोडी. त्यांच्यासाठी मेहनत घेणे चोराला परवडत नाही.

दुसरे कारण जुन्या सवयीचे. विंडोज एक्सपी २००१ साली निघाली. तिच्यात घरातला जो बसेल तो सहसा मालक म्हणूनच बसे. त्याने उघडलेल्या प्रोग्रामलाही मालकाचेच हक्क मिळत. म्हणजे पोराने खेळ उघडला, तर त्या खेळाच्या हाती वाड्याच्या सगळ्या किल्ल्या. लिनक्सची रीत मुळापासून वेगळी. रोजचे काम साध्या माणसाच्या हक्काने करायचे. मोठे काम निघाले तर कारभारी परवलीचा शब्द विचारतो. मायक्रोसॉफ्टनेही पुढे ही चाल धरली. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून "हा प्रोग्राम बदल करू पाहतो, करू द्यायचा काय?" असे ती विचारू लागली. पण आपण वाचतच नाही. डोळे मिटून 'होय' दाबतो!

तिसरे कारण बाजाराचे. विंडोजवर प्रोग्राम कुठूनही आणायची लोकांना सवय. कुणाच्या पेनड्राइव्हवरून, कुठल्या अनोळखी जागेवरून. लिनक्सवर बहुतेक प्रोग्राम एकाच खात्रीच्या भांडारातून घेतात. अनोळखी फेरीवाल्याकडून औषध घेणे आणि सरकारी दवाखान्यातून घेणे, यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

तात्पर्य, कारभारी कोणता याने फरक पडतो. ही गोष्ट खरी आहे.

मग दुसऱ्या कारभाऱ्यांना चोर लागतच नाही काय?

तसे नव्हे. "मॅकला व्हायरस होत नाही" असे पुष्कळ दिवस लोक म्हणत. २०१२ साली 'फ्लॅशबॅक' नावाचा उपद्रवी प्रोग्राम ६ लाखांच्या वर मॅकमध्ये शिरला. जावा नावाच्या एका प्रोग्राममध्ये फट होती. ती बुजवण्याचा तोडगा निघालेला होता. पण मॅकवाल्यांपर्यंत तो पोचवायला ॲपलने उशीर केला. तेवढ्यात चोराने डाव साधला.

लिनक्सचेही तसेच. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे पहाऱ्याचे कॅमेरे आणि घरोघरच्या इंटरनेटच्या पेट्या, म्हणजे राउटर, वेठीला धरले. या वस्तूंच्या आत लिनक्सच होते. पण कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द लोकांनी बदललेलाच नव्हता. तो शब्द चोराला पाठ होता. आपल्याकडे पाहुण्यांच्या खोल्या असलेल्या घरांवर असे कॅमेरे लागलेले आहेत. त्यांचा परवलीचा शब्द बदलला आहे का? आज विचारून घ्या.

या दोन्ही गोष्टींत कारभाऱ्याचे कूळ चांगले होते. नडली ती हयगय.

पावसाळ्यापूर्वीची शाकारणी

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दशांशाच्या आसपास. म्हणून म्हसवड-दहिवडीकडे मातीच्या धाब्याचे घर चालते. इथे उतरते छप्परच लागते. घराची ठेवण हवामान पाहून ठरवावी, तसाच कारभारीही काम पाहून निवडावा.

पण उतरते छप्पर बांधले म्हणजे काम संपले का? नाही. दर वर्षी पाऊस येण्याआधी ते शाकारावे लागते. फुटके कौल बदलावे लागते. भिंतीला आडोसा करावा लागतो. दोन वर्षे हयगय केली तर चांगल्या घरातही गळती लागते.

कॉम्प्युटरच्या शाकारणीला अपडेट म्हणतात. भिंतीत फट सापडली की कंपनी ती बुजवण्याचा तोडगा पाठवते. विंडोजला तो बहुधा दर महिन्याला येतो. ज्याने तो घेतला त्याची फट बुजली. ज्याने "नंतर बघू" म्हटले त्याची उघडी राहिली. आणि एक गंमत ध्यानात घ्या. तोडगा जाहीर झाला की फट कुठे होती, हे चोरालाही कळते. मग तो उघडी घरे शोधत फिरतो.

२०१७ साली असेच घडले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला एका मोठ्या फटीचा तोडगा पाठवला. पुष्कळांनी तो घेतला नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणी मागणारा प्रोग्राम त्याच फटीतून सुटला. सुमारे १५० देशांतले २ लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने कुलपात घातले. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत रोग्यांना परत पाठवावे लागले. बाधा झालेल्यांत सर्वांत जास्त विंडोज ७ वाले होते. तोडगा दोन महिने आधी हाताशी आला होता. घेतला नव्हता, एवढेच.

पुढच्याच महिन्यात, जून २०१७ च्या अखेरीस, 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा उपद्रव आला. पसरण्याच्या त्याच्या वाटांत ही फटही होती. त्याची झळ उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराला लागली. आपल्याकडचा माल याच बंदरातून परदेशी जातो. तिथल्या एका धक्क्याचे कॉम्प्युटर बंद पडले आणि मालाच्या पेट्या अडकून पडल्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कंपनी एका कारभाऱ्याची शाकारणी जन्मभर करत नाही. ठरलेल्या तारखेला ती हात काढून घेते. विंडोज एक्सपीची तारीख ८ एप्रिल २०१४ होती. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२०. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांनी नाव नोंदवले, तर सुरक्षेचे तोडगे आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याचे कंपनीने जाहीर केले.

तारीख उलटली तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही. पूर्वीसारखाच चालतो. म्हणूनच फसगत होते. छप्पर दिसते तसेच, पण शाकारणारा निघून गेलेला असतो.

आपल्या कॉम्प्युटरवर कोणती विंडोज आहे ते कसे पाहायचे? खिडकीचे चित्र असलेले बटण दाबा. डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे टाइप करून एंटर दाबा. एक चौकट उघडते. तिच्यात नाव आणि आकडा लिहिलेला असतो. पाचवीतला मुलगाही हे करील.

दुकानदाराने फुकट घालून दिलेली विंडोज

काही ठिकाणी सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर करून देतात. "विंडोज घालून देतो, तिचे पैसे नकोत," असे दुकानदार सांगतो. ऐकायला बरे वाटते. पण ती प्रत पुष्कळदा चोरीची असते. चोरी झाकायला तिच्यावर एक प्रोग्राम चालवलेला असतो. त्याला क्रॅक म्हणतात. तो चालावा म्हणून पहारेकऱ्याला, म्हणजे अँटिव्हायरसला, आधी बाजूला सारतात. मग त्या क्रॅकच्या पोटात आणखी काय आहे, हे कोण पाहणार? पुष्कळ वेळा अपडेटही बंद करून ठेवतात, कारण अपडेटने चोरी उघडी पडेल अशी भीती असते.

म्हणजे कारभारी चोरीचा, पहारेकरी झोपवलेला, आणि छप्पर शाकारायचे नाही अशी ताकीद. फुकटाचे असे घर महागात पडते. विंडोज घ्यायची तर पैसे देऊन खरी घ्या आणि पावती मागा. पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स घ्या. ते फुकट असून चोरीचे नाही. फुकट आणि चोरीचे, यांतला फरक विसरू नका.

मग आपण कोणता कारभारी ठेवावा?

आपले घर कोणते, ते पाहून ठरवा.

पहिले घर धंद्याचे. हॉटेलवाला किंवा व्यापारी टॅलीवर हिशेब ठेवतो. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. पत्रिका छापणारा जुन्या मराठी अक्षरांचा प्रोग्राम वापरतो, त्याचेही बहुधा तसेच. अशांनी विंडोजच ठेवावी. पण ती खरी आणि चालू असावी. २०२१ साली निघालेली विंडोज ११ सुमारे २०१८ च्या आधीच्या बहुतेक कॉम्प्युटरवर रीतसर बसत नाही. तेव्हा जुने यंत्र विकत घेताना हे आधी विचारावे.

दुसरे घर मुंबईहून आलेल्या जुन्या कॉम्प्युटरचे. विंडोज १० किंवा त्याहून जुनी. काम काय? इंटरनेट पाहणे, पत्र लिहिणे, फोटो, मुलांचा अभ्यास. यंत्र टाकून देऊ नका. नव्यासाठी कर्जही काढू नका. त्यावर लिनक्स घाला. मिंटसारखा प्रकार जुन्या यंत्रावर चालतो, मराठी दाखवतो आणि मराठी लिहू देतो. पत्र आणि हिशेब लिहायचे प्रोग्राम त्यात फुकट मिळतात. केरळ राज्यातल्या सरकारी शाळांत कैक वर्षे मुले लिनक्सवरच शिकत आहेत. घालण्याआधी ते पेनड्राइव्हवरून नुसते चालवून पाहता येते. पसंत पडले तरच घाला. आणि घालण्याआधी आपले कागद व फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर पुसले जातील.

तिसरे घर नवे यंत्र घेणाराचे. काम फक्त इंटरनेटचे असेल तर क्रोमबुक नावाचा प्रकार मिळतो. त्याचा कारभारी गूगलचा. अपडेट तो आपले आपण घेतो. बाहेरचे विंडोजचे प्रोग्राम त्यावर चालत नाहीत, म्हणून ते चोरही चालत नाहीत. पण त्यालाही शाकारणी कधीपर्यंत मिळणार, याची तारीख ठरलेली असते. जुन्या मालाची तारीख उलटलेली असू शकते. ती विचारूनच पैसे मोजा.

चौथे घर ऐपतीचे. त्यांनी मॅक घेतला तर हरकत नाही. नियम सारखेच.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दुरुस्ती करणारा कोण आहे, तेही पाहा. ज्या नांगराचा फाळ गावातला लोहार शेवटून देतो, तो नांगर बरा. लिनक्स उत्तम, पण घरात किंवा शेजारी ते जाणणारा एकही नसेल, तर अपडेट कोण घेणार? शाकारणी न केलेल्या लिनक्सपेक्षा दर महिन्याला शाकारलेली विंडोज बरी.

विंडोज ठेवणाऱ्यांनी एवढे करावे. घरच्यांसाठी दुसरे साधे खाते उघडून रोजचे काम त्यावर करावे. मालकाचे खाते वेगळे ठेवावे, त्याचा परवलीचा शब्द मुलांना देऊ नये. मग मुलाने काही भलते उघडले, तरी चोराच्या हाती सगळ्या किल्ल्या पडत नाहीत. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा पहारेकरी आतच असतो. दुसरा विकत घेतला नाही तरी तो बंद करू नका.

जिथे कारभाऱ्याचे काही चालत नाही

कारभारी कितीही इमानी असो. मालकानेच चोराला बोलावून पेटी उघडून दिली तर तो काय करणार?

फोन येतो. "बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद होणार. मी सांगतो तो प्रोग्राम घाला, मी इथून दुरुस्त करतो." तो प्रोग्राम घातला की तुमचा पडदा त्याला दिसतो. इथे विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, सगळे सारखेच. बँक असा प्रोग्राम घालायला कधीही सांगत नाही. फोन ठेवून द्या.

फोनवर लग्नाची पत्रिका येते, किंवा गाडीच्या दंडाची नोटीस येते. तिच्या नावाच्या शेवटी डॉट ए-पी-के असे असते. ती पत्रिका नव्हे, नोटीसही नव्हे. तो प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरवर तसेच डॉट ई-एक्स-ई. चित्राच्या किंवा पत्राच्या शेवटी ही अक्षरे नसतात. ओळखीच्या माणसाकडून आले तरी आधी त्याला फोन करून विचारा. त्याच्या फोनमध्येच चोर बसलेला असू शकतो.

आणि पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

शेवटचे आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे दुसरी प्रत. हिशेब आणि फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवा. उतरवून झाले की ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर कुलूप लावणारा तिलाही कुलूप लावतो. बियाणे आपण सगळे एकाच कणगीत ठेवतो का? तसेच हे. इकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि दमट हवेने यंत्रे बिघडतात. त्यासाठीही ही प्रत उपयोगी पडते.

ध्यानात ठेवा

१. कारभारी निवडताना काम पाहा, ऐपत पाहा, जवळ जाणता माणूस आहे का ते पाहा.

२. ज्याची शाकारणी बंद झाली, तो कारभारी इंटरनेटला जोडू नका. बदला.

३. अपडेट आला की घ्या. "नंतर बघू" म्हणू नका.

४. चोरीची प्रत घेऊ नका. लिनक्स फुकट आहे.

५. रोजचे काम साध्या खात्यावर करा.

६. प्रोग्राम खात्रीच्या भांडारातूनच घ्या.

७. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत कपाटात ठेवा.

प्रश्न

१. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा कारभारी कोणता? त्याची शाकारणी कधीपर्यंत आहे?

२. 'वॉनाक्राय'च्या वेळी तोडगा असूनही लोकांचे नुकसान का झाले?

३. फुकटचे लिनक्स आणि फुकट घालून दिलेली चोरीची विंडोज, यांत फरक काय?

४. तुमच्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे? नसेल, तर आज कोण करील? त्याचे नाव लिहा.